दादांना दिसलेला पांढरा धूर

गाडी घेतल्याच्या चौथ्या दिवशी मी तिचा धूर पहिल्यांदा नीट पाहिला.

सकाळचे साडेसात वाजले होते. अंबरनाथ पूर्वेला आमची तीन मजल्यांची इमारत, आणि तिच्या मागे कंपाउंडची भिंत. सोसायटीने दिवाळीआधी त्या भिंतीला चुना मारून घेतला होता. भिंतीकडे पाठ करून आमची गाडी उभी असायची. वडिलांनी चावी फिरवली. इंजिन दोन-तीनदा खोकलं, सुरू झालं आणि सायलेन्सरमधून निघालेला धुराचा लोट भिंतीवर जाऊन पसरला. पांढऱ्या चुन्यावर तो निळा दिसत होता. फार गडद नाही. सदऱ्याला नीळ जास्त झाली की दिसते, तेवढा. वासही डिझेलचा नव्हता. गॅसवर विसरलेल्या कढईतलं तेल जळतं, तसा होता.

"दादा, धूर निळा आहे," मी म्हणाले. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो.

ते खिडकीतून मान बाहेर काढून मागे बघत राहिले. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "पांढरा आहे. थंडीचा धूर आहे तो. इंजिन तापलं की जाईल."

"निळा आहे, दादा."

"भिंतीमुळे तुला तसं वाटतंय. बस आत, उशीर होतोय."

मी बसले. मी तेव्हा स्टेशनजवळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होते. नळीतला रंग फिकट आहे की गडद, पिवळा आहे की तांबूस, हे दिवसभर बघायचं आणि लिहायचं, यावरच माझा पगार होता. रंगात माझी चूक सहसा होत नसे. पण दादा एकतीस वर्षं कारखान्यात टर्नर होते. लेथवरच्या तुकड्यावरून अंगठा फिरवून ते किती जास्त आहे ते सांगायचे आणि मग मापायचं यंत्र लावलं तर तेवढंच निघायचं. घरात कुकरच्या शिट्टीपासून शेजाऱ्यांच्या पंपापर्यंत यंत्राच्या बाबतीतला शेवटचा शब्द त्यांचा. तो शब्द खोटा पडलेला मी जन्मात पाहिला नव्हता. म्हणून मी माझ्या डोळ्यांवर अविश्वास दाखवला.

ही दोन हजार सात सालची गोष्ट. दादा निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. आईला दमा होता आणि रिक्षातून जाताना रस्त्याची धूळ, पुढच्या ट्रकचा धूर नाकात गेला की ती दोन दिवस उशीला टेकून बसून काढायची. तिच्यासाठी काचा बंद करता येतील अशी गाडी घ्यायची, हे दादांनी कामावर असतानाच ठरवलं होतं. उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पात जुन्या गाड्या विकणारा एकजण होता. तिथे आम्ही तिघंही गेलो होतो. क्रीम रंगाची जुनी डिझेल गाडी, सीटवर नवी कव्हरं, डॅशबोर्डवर पॉलिश. दादांनी लांब स्क्रू ड्रायव्हर मागवला, त्याचं टोक इंजिनला लावलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून ऐकलं. विकणारा कौतुकाने बघत होता. "अंकल को सब पता है," तो माझ्याकडे बघून म्हणाला. दादा म्हणाले, "आवाज चांगला आहे." आईने सीटवर बसून बघितलं. मी बॉनेटवर हात ठेवला तर ते गरम होतं. आम्ही यायच्या आधीच कोणीतरी इंजिन चालवून ठेवलं होतं. त्याचा अर्थ मला तेव्हा माहीत नव्हता. गाडीच्या मागे जाऊन धूर कोणीच बघितला नाही.

मग रोज सकाळी तो निळा लोट भिंतीवर पसरायला लागला. इंजिन तापल्यावर कमी व्हायचा, पण जात नव्हता. चढावर दादांनी ॲक्सिलरेटर दाबला की आरशात मागचा रस्ता पुसट व्हायचा. एकदा फाटकाजवळ एक रिक्षावाला नाकाला रुमाल लावून शेजारी आला आणि ओरडला, "ओ काका, गाडी ऑइल खातेय तुमची!"

"तू तुझं बघ," दादा म्हणाले. पण त्यांचे हात स्टीअरिंगवर घट्ट झाले होते.

मी ऑइलचे डबे मोजायला लागले नव्हते, तरी ते दिसायचेच. जिन्याखाली एक रिकामा डबा, आठ दिवसांनी दुसरा. दादा संध्याकाळी खाली जायचे, बॉनेट उघडायचे, तेल मोजायची पट्टी ओढून काढायचे आणि थोडं ऑइल ओतायचे. आईला सांगायचे, "जुन्या इंजिनाला लागतंच थोडं."

मला भीती वाटायला लागली होती, पण नेमकी कशाची ते सांगता येत नव्हतं. रस्त्यात गाडी पेटेल याची होती. आईच्या छातीत तो धूर जाईल याची होती. आणि या दोन्हींच्या खाली आणखी एक भीती होती, तिच्याकडे मी बघत नव्हते. दादांनी दुपारचा पेपर वाचणं बंद केलं होतं. "बातम्या काय, त्याच त्या," म्हणायचे. अंधार पडायच्या आत गाडी घरी आणायचे. समोरून येणाऱ्यांचे दिवे हल्ली फार प्रखर असतात, अशी तक्रार करायचे. चहा ओतताना कपाच्या काठावर बोट ठेवायचे. हे सगळं मला दिसत होतं. मी ते एकत्र ठेवून बघत नव्हते, इतकंच.

लॅबमधल्या एका बाईंनी मला पाच नंबर कॅम्पातल्या एका मिस्त्रीचं गॅरेज सांगितलं. एका दुपारी मी घरी न सांगता रिक्षाने तिथे गेले. मिस्त्री म्हातारे सिंधी गृहस्थ होते. सगळे त्यांना साईं म्हणत होते, म्हणून मीही म्हटलं. गाडी न आणता नुसती गाडीची तक्रार घेऊन आलेली मुलगी त्यांनी बहुतेक पहिल्यांदाच पाहिली असावी. पण ते हसले नाहीत. स्टूल पुढे केलं आणि डॉक्टर विचारतो तसे एकेक प्रश्न विचारायला लागले.

"धुआँ सुबह जास्ती के दिनभर?"

"सकाळी जास्त. चढावर पण."

"काला है?"

"नाही."

"काला असेल तर डिझेल जास्ती जातंय. वो छोटी बीमारी. सफेद असेल, आणि पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केट गेलं. कौनसा रंग है, बेटा? सोच के बोल."

"निळा," मी म्हणाले. तो शब्द कोणासमोर तरी ठामपणे म्हणायला मिळाला, याचंच मला बरं वाटलं. "कपड्यांना नीळ देतो तसा."

साईंनी हातातलं फडकं खाली ठेवलं. "नीला मतलब इंजिन ऑइल जळतंय. पिस्टनच्या रिंगा गेल्या असतील, नाही तर वॉल्वचे सील. खोलल्याशिवाय नाही कळणार. घेऊन ये." मग त्यांनी विचारलं, "तेल कौन देखता है?"

"वडील. कमी झालं की घालतात."

"निशाणच्या वर नाय घालायचं हां. बोल त्यांना." त्यांनी दोन बोटांनी पट्टीवरच्या दोन खुणा हवेत दाखवल्या. "डिझेल इंजिन आहे. ऑइल वरून आत खेचायला लागलं ना, तर ते ऑइलवरच पळतं. फिर चाबी की नहीं सुनता. रेस पकडतं."

"म्हणजे?"

तेवढ्यात कोणीतरी टेम्पो घेऊन आलं आणि साईं उठले. म्हणजे काय, ते राहूनच गेलं. परत येताना रिक्षात मी ते वाक्य मनात फिरवत होते. चावीचं ऐकत नाही.

घरी मी दादांना गॅरेजमध्ये गेल्याचं सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, "आमच्या लॅबमध्ये कोणीतरी सांगत होतं, ऑइल जास्त झालं तर वाईट असतं म्हणून."

"लॅबमध्ये आता इंजिनं पण तपासता का?" ते म्हणाले. रागावून नाही. पण आईने मला डोळ्यांनी खूण केली आणि मी विषय सोडला.

त्याच आठवड्यात शनिवारी संध्याकाळी मी कामावरून येताना दादा बॉनेट उघडून उभे दिसले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पट्टी ओढली, फडक्याने पुसली, परत घातली, परत काढली. मग ती डोळ्यांसमोर न धरता त्यांनी पट्टीवरून अंगठा सरकवला, लेथवरच्या तुकड्यावरून सरकवायचे तसा. बोटं एकमेकांवर चोळली. "कमी आहे," स्वतःशीच म्हणाले आणि डबा वाकडा केला.

ते वर गेल्यावर मी खाली थांबले. बॉनेट उघडून पट्टी काढली. वरच्या खुणेच्याही दोन बोटं वर ऑइल होतं.

मी ती पट्टी हातात धरून उभी राहिले. आता वर जायचं आणि सांगायचं, हे अगदी सरळ होतं. पण ऑइल जास्त आहे हे सांगायचं म्हणजे तुम्हाला खूण दिसत नाही हे सांगायचं. धूर पांढरा का दिसतो तेही सांगायचं. आणि रोज सकाळी आम्हाला घेऊन तुम्ही रस्त्यावर जाता, तेव्हा काय काय दिसत नसेल, तेही. मी स्वतःला समजावलं, मला पट्टी वाचता येत नसेल. गाडी सपाट जागेवर नसेल. दादा कसे चुकतील? मी पट्टी पुसून जागेवर ठेवली आणि वर जाऊन भाजी चिरायला बसले.

दुसऱ्या दिवशी रविवार. बदलापूरला मावशीच्या नातवाचं नामकरण होतं, अकराला बुद्धवंदना होती. मी सकाळी आईला हळूच म्हणाले, "रिक्षाने जाऊ या का?"

ते दादांच्या कानावर गेलं. ते इस्त्रीचा सदरा घालत होते. बटण लावता लावता थांबले. "का? गाडी कशाला घेतलीये मग?" त्यांचा चेहरा असा झाला की मी म्हटलं, "सहज म्हटलं."

निघालो. मी पुढे, आई मागे, तिच्या मांडीवर बाळाचे कपडे आणि खिरीचा डबा. भिंतीवर नेहमीपेक्षा मोठा लोट गेला. मी आरशातून तो बघितला आणि तोंड फिरवलं.

चिखलोलीच्या पुढे तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोकळी जमीन होती, मधेच एखाद्या इमारतीचा नुसता सांगाडा उभा. थोडा चढ लागतो तिथे दादांनी ॲक्सिलरेटर दाबला. इंजिनाचा आवाज वाढला. चढ संपला, तरी तो वाढतच राहिला.

"अहो, हळू," आई मागून म्हणाली.

"मी पाय काढलाय," दादा म्हणाले. मग मोठ्याने, "अगं, मी पाय काढलाय!"

मी खाली बघितलं. त्यांचा उजवा पाय खरोखरच वर होता. गाडी आपोआप पळत होती. दादांनी क्लच दाबून ब्रेक मारला, गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, गिअर काढला. गाडी थांबली, पण चाकांचा भार सुटल्यावर इंजिन आणखीच सुसाट झालं. असा आवाज मी त्याआधी आणि नंतर कधी ऐकला नाही. तो आवाज चढत होता, चढतच होता, आणि आता याच्या वर जागा नाही असं वाटलं की आणखी चढत होता. पायाखालचा पत्रा थरथरत होता. दादांनी चावी फिरवली. काही झालं नाही. त्यांनी चावी काढून घेतली. चावी त्यांच्या हातात होती आणि इंजिन किंचाळत होतं.

फिर चाबी की नहीं सुनता.

मागची काच धुराने झाकली, मग बाजूच्या काचा. रस्ता, शेत, इमारतीचा सांगाडा, सगळं नाहीसं झालं. आईला खोकल्याची उबळ आली. मी दार उघडून उतरले, मागचं दार ओढलं आणि तिला दंडाला धरून बाहेर काढलं. खिरीचा डबा रस्त्यावर पडला. धुरातून धावत मी तिला पंचवीस-तीस पावलं लांब, वाऱ्याच्या वरच्या अंगाला नेलं. इमारतीवर काम करणाऱ्या बायका आमच्याकडे पळत आल्या. एकीने आईला खाली बसवलं. आईचे ओठ काळसर पडायला लागले होते. ती हाताने गळ्याकडे खूण करत होती, बोलता येत नव्हतं. तिचा दम्याचा पंप पर्समध्ये होता. पर्स गाडीत होती.

आणि दादाही गाडीत होते. ते उतरलेच नव्हते.

कोणीतरी ओरडत होतं, "लांब व्हा, फुटेल!" मी परत पळाले. धाडस म्हणून नाही. मी रडत होते, हे मला पक्कं आठवतं. मागच्या सीटवर चाचपून पर्स काढली. ती मी मागे आलेल्या एका बाईच्या हातात कोंबली. "निळा पंप आहे, तिला द्या!" आणि पुढच्या दाराशी गेले.

दादा स्टीअरिंगपाशी बसून चावी घालत होते आणि फिरवत होते. घालत होते आणि फिरवत होते. त्यांचं तोंड उघडं होतं.

"दादा, उतरा!"

"बंद होत नाही," ते म्हणाले. "बंदच होत नाही गं." आवाज लहान मुलासारखा झाला होता.

त्या क्षणी मला जे सुचलं ते शहाणपणातून सुचलं नाही. दादा मला महिनाभर रविवारी मैदानावर गाडी शिकवत होते आणि मी दर पाच मिनिटांनी ती बंद पाडत होते. चुकीचा गिअर टाकून क्लच सोडला की गाडी एक गचका देऊन मरायची. त्यावरून मी किती बोलणी खाल्ली होती. गाडी बंद पाडायची ही एकच रीत मला येत होती.

मी बाजूच्या सीटवर गुडघा टेकवला आणि त्यांच्या कानात ओरडले, "चौथा टाका! ब्रेक दाबून धरा आणि क्लच सोडा! मी बंद पाडते तशी पाडा!"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग कुठेतरी जुना कामगार जागा झाला. त्यांनी क्लच दाबला, गिअर चौथ्यात रेटला. तो करकरत गेला. ब्रेकवर ते जवळजवळ उभे राहिले. मी हँडब्रेक दोन्ही हातांनी वर ओढला. त्यांनी क्लच सोडला.

गाडीने पुढे उडी मारली, चाकं दगडांवर घासली, माझं कपाळ डॅशबोर्डवर आपटलं. इंजिन दोनदा धडधडलं. बंद झालं.

त्यानंतरच्या शांततेत गरम लोखंडाची टिकटिक ऐकू येत होती, आणि लांबून आईचा खोकला. खोकला ऐकून मी डोळे मिटले. खोकतेय म्हणजे श्वास आत जातोय.

पंपाचे चार झटके घेतल्यावर अर्ध्या तासाने आई सरळ बोलायला लागली. त्या बायकांनी तिला इमारतीच्या सावलीत बसवलं, पाणी दिलं. एकीने तर माझ्या कपाळावर ओलं फडकं धरलं. दादा रस्त्याच्या कडेला मोरीच्या कठड्यावर बसले होते, हात मांड्यांमध्ये धरून. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. हवेत अजून धूर तरंगत होता.

"हा कोणता रंग आहे?" त्यांनी विचारलं.

"निळा."

"मला आत्ताही पांढराच दिसतोय," दादा म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "पट्टीवरची खूण दोन महिने दिसत नाहीये. मी हाताने बघत होतो."

काल संध्याकाळी तीच पट्टी मी काढून बघितली होती, हे मी तेव्हा सांगू शकले नाही.

आईला मावशीचे यजमान येऊन घेऊन गेले. गाडी साखळी बांधून पाच नंबर कॅम्पात साईंच्या गॅरेजमध्ये नेली. दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि दादांबरोबर गेले. दादांना बहुतेक वाटलं होतं की साईं त्यांना बोल लावतील. साईंनी खालचा नट सोडून ऑइल काढलं, तर खाली ठेवलेल्या घमेल्यातून ते उतू जायला लागलं. त्यांनी एकदा दादांकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि फक्त म्हणाले, "नसीब है, अंकल. ऐसा इंजिन फट के हाथ में आता है."

दादांनी खाली मान घातली. "चूक माझी आहे. मला दिसत नाही," ते म्हणाले. परक्या माणसासमोर, अंगणभर लोक असताना. मला वाटतं, त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड वाक्य ते असावं.

साईंनी त्यांच्यासाठी स्टूल ओढलं. मग पुढचे दोन तास त्यांनी एकेक गोष्ट दादांना दाखवत केली. दाखवत म्हणजे हातात देत. हवा आत जाते त्या नळीत दादांचं बोट फिरवायला लावलं. बोट ऑइलने भरलं. इंजिनातली वाफ ज्या पाइपने परत आत जाते, त्याच वाटेने जास्तीचं ऑइल वर खेचलं गेलं होतं. चारही सिलिंडरचा दाब मोजला. तिसऱ्याचा फार कमी भरला. साईंनी त्यात चमचाभर ऑइल सोडून परत मोजला, तसा काटा वर गेला. "वॉल्व गेले असते तर काटा नसता चढला," दादा पुटपुटले. "रिंगा गेल्यात."

"बरोबर बोलले," साईं म्हणाले.

चार दिवसांनी इंजिन उघडलं तेव्हा तिसऱ्या पिस्टनची एक रिंग तीन तुकड्यांत निघाली. दादांनी ते तुकडे तळहातावर घेतले, कडांवरून अंगठा फिरवला आणि सांगितलं की ती कालपरवा नाही, आधीच कधीतरी तुटलेली आहे. कडा झिजून गोल झाल्यात. साईंनी कानाला हात लावला. म्हणाले, तुमच्यासारखा माणूसही गाडी घेताना फसतो, कारण विकणारे इंजिन आधीच तापवून ठेवतात आणि घट्ट ऑइल भरतात. आवाज दबतो, धूर दबतो.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला, पिकलेला. बुबुळामागचं भिंग पिवळं पडत जातं, त्यामुळे निळा रंग आधी जातो आणि माणसाला कळतही नाही, असं त्यांनी समजावलं. दादांनी विचारलं, "म्हणजे मी खोटं बोलत नव्हतो?" डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही.

ऑपरेशनला ते फार घाबरले. एकतीस वर्षं लेथच्या फिरत्या चकापासून वीतभर अंतरावर उभा राहिलेला माणूस, पण हॉस्पिटलच्या बाकावर त्यांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बोटांचे वळ उठले. आधी उजवा डोळा झाला, मग दीड महिन्याने डावा. दोन्ही चांगले झाले.

गाडी दुरुस्त होऊन आली तेव्हा चालवायला मीच बसले. पहिले सहा महिने मी प्रत्येक चढावर इंजिनाच्या आवाजाकडे कान लावून असायचे. पाय उचलल्यावर आवाज खाली आला की मगच श्वास सोडायचे. कधी कधी नुसत्या वळणावर घाम फुटायचा. आई तर वर्षभर त्या गाडीच्या जवळही गेली नाही. नंतर बसायला लागली, पण पंप पर्समध्ये न ठेवता मुठीत धरून.

दादांना मी ती शनिवारची गोष्ट सांगितली, तेव्हा बरेच महिने लोटले होते. आम्ही दोघंच डॉक्टरांकडून तपासणी करून परत येत होतो. मी समोर बघत म्हणाले, "दादा, मला आदल्या दिवशीच कळलं होतं. तुम्ही वर गेल्यावर मी पट्टी काढून बघितली होती. दोन बोटं जास्त होतं. आणि तरी मी आईला गाडीत बसू दिलं."

मला वाटलं, आता रागावतील. तसे रागावले असते तर बरं झालं असतं.

"का नाही बोललीस?" त्यांनी विचारलं.

"भीती वाटली."

"माझी?"

"तुम्हाला दिसत नाही, हे खरं निघेल याची."

दादांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत घातला. "मला पण तीच वाटत होती," ते म्हणाले. "पण आईचे ओठ काळे पडले होते ना गं. ते मला दिसलं नाही, तू नंतर सांगितलंस. ते ऐकल्यापासून मला झोप नाही." मग म्हणाले, "यापुढे असलं काही दिसलं तर तोंडावर बोलायचं. मी ओरडलो तरी बोलायचं."

"हो," मी म्हणाले.

मागून कोणीतरी हॉर्न वाजवत होतं. मी गाडी डावीकडे घेतली आणि त्याला पुढे जाऊ दिलं.